झुलालची गाडी दम खाते

एरंडोलला झुलालच्या दारात आलेल्या माणसाला आधी ओल्या वाळ्याचा गारेगार वास यायचा, मग पेट्रोलचा, आणि मग बेबाबाईचा आवाज. बेबाबाई म्हणजे झुलालची बायको. ती दिसायच्या आधी ऐकू यायची.

"दखा, दखा! म्हैसले येळवर पानी नही, आनि या डबडाले सलाईन लाई राहिनात!"

खोटं नव्हतं. अंगणातल्या लिंबाखाली दोन दारांची, बसकी, टप उडालेली लाल गाडी उभी असायची, आणि तिच्या नाकावर खरोखरीच सलाईनची बाटली टांगलेली असायची. बाटलीतून नळी, नळीतून थेंब, आणि थेंबाखाली कूलरमध्ये लावतात तसली वाळ्याची ताटी. थेंब, थेंब, थेंब. ऐन वैशाखात घरातली माणसं पुठ्ठ्यानं वारा घेत, गाडी मात्र सलाईनवर गार पडलेली.

झुलालचा धंदा विहिरीवरच्या मोटारी भरण्याचा. जळालेली मोटार उघडायची, काळी तार उपसायची, नवी तांब्याची तार बोटानं मोजत भरायची. मोटार चालू केली की तो डोळे मिटून ऐके आणि सांगे, "डाव्या अंगाची बेअरिंग रडते आहे." ती रडतच असे. असल्या कानाच्या माणसानं एकदा धुळ्याला, आग्रा रोडवर, नूर महंमदच्या भंगारात एक शंखासारखी वस्तू उचलली, आतलं चाक बोटानं फिरवलं, कानाशी नेलं, आणि तो कामातून गेला.

"ये टर्बो है, झुलालभाऊ," नूर महंमद म्हणाला. "ट्रकची. इंजिनचा धूर जाता जाता हे चाक फिरवतो, आणि हे चाक इंजिनात हवा कोंबतं. दुप्पट ताकद! लेकिन तू इसका करेगा क्या?"

"माझ्या गाडीला लावीन."

"तुझ्या गाडीला?" नूर महंमद हसून टायरवर बसला. "बकरी के गले में हाथी की घंटी!"

घंटी बसली. वर्षभर लागलं, पण बसली. कोंबलेली हवा तापते म्हणून ती गार करायला नळ्यांची जाळी, जाळीवर वाळा आणि वाळ्यावर सलाईन. हवा किती कोंबली ते दाखवायला काटा हवा, तर बंद पडलेल्या दवाखान्यातून रक्तदाब मोजायचं यंत्र आलं आणि त्याची तबकडी गाडीत बसली. दोनशेच्या वर काटा गेला की झुलाल पाय काढी. "बीपी वाढलं," तो अगदी डॉक्टरी चेहऱ्यानं सांगे.

हत्तीची घंटी असल्यानं एक मौज मात्र झाली होती. पाय दाबला की गाडी आधी काहीच करायची नाही. विचार करायची. मग शंख फुंकायला लागायचा, सुंऽऽऽईंऽऽ, आणि एकदम मागून कुणी लाथ घातल्यासारखी सुटायची. पारोळ्याला दाबावं आणि धुळ्याच्या नाक्यावर मिळावं, असा हिशेब.

आता मागच्या आखाजीची गोष्ट. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या खान्देशातल्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आमरस-सांजोऱ्या खातात आणि सासरच्यांवर गाणी म्हणतात. लेकीला आणायला भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणायचं. झुलालची धाकटी बहीण वच्छला शिंदखेड्याला दिलेली. मुराळी झुलाल मोठ्या डौलात टर्बो घेऊन गेला. दारात वच्छलाचे सासरे बन्सीलाल नाना हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभे. पांढरी टोपी, पांढऱ्या मिशा, आणि त्या मिशांत कायम दाबून धरलेलं एक वाक्य.

नूर महंमदनं हजारदा बजावलं होतं, "पळून आल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही. दो मिनट हळू चालू दे. टर्बो लाल झालेली असते. इंजिन बंद, तेल बंद, और तेल अंदर ही जल जाता है." पण वडीलधारं माणूस तांब्या घेऊन उन्हात उभं असताना पाहुण्यानं गाडीत बसून राहायचं? झुलालनं खटकन चावी फिरवली, उडी मारली, पाय धुतले, नानांच्या पायांवर डोकं ठेवलं.

जेवण होईपर्यंत टर्बोच्या पोटातलं तेल जळून कढईला चिकटतं तसं चिकटलं. निघताना गाडी किंचाळली, निळा धूर ओकली आणि मेली. नानांच्याच बैलांनी तिला पेठेतून ओढत नेलं. पुढे बैल, मागे गाडी, गाडीत मान खाली घालून मुराळी, आणि दोन्ही बाजूंना ओट्यांवर गाव. शेवटची एसटी गेलेली. वच्छलाची ट्रंक गाडीतून परत घरात गेली आणि त्या वर्षी ती आखाजीला आलीच नाही.

यंदा चैत्रातच नानांचा निरोप आला: "मन्ही सून बैलगाडीमा बठी, एसटीमा बठी. पन बैलसनी वढेल मोटारमा बठाव नही. यंदा ती डबडी मन्हा दारमा मरनी, ते पुढे मुराळी धाडूच नका."

"एसटीनं जा," बेबाबाई म्हणाली. झुलालही तसंच ठरवत होता, तेवढ्यात वच्छलाचं कार्ड आलं. शाळेत शिकवलेल्या अक्षरांत: 'तीर्थस्वरूप भाऊस शिरसाष्टांग नमस्कार. इकडील सर्व क्षेम. माझ्या दोन्ही जावा पाणी भरायला निघाल्या की तोंडानं सुंईं करतात आणि एकीला दुसरी ओढत नेते. तरी तू गाडीतच यावे. एसटीने आलास तर मी येणार नाही. तुझी लाडकी बहीण वच्छला.'

बेबाबाईनं कार्ड दोनदा वाचून घेतलं. मग घरातली तुपाची गाळणी आणून नवऱ्यापुढे ठेवली. "तेल गाळी ल्या. कचरा नको त्याना पोटमा."

झुलालनं ओट्यावर गोणपाट अंथरून टर्बो उघडली. जळकं तेल बोटभर पोलादी दांड्यावरून बांबूच्या कामटीनं खरवडलं, रॉकेलनं धुतलं, धुळ्याच्या लेथवर नवी पितळी बुशिंग कातून आणली. दांडा बसवून चाकाला फुंकर मारली. चाक फिरत राहिलं, फिरत राहिलं. बेबाबाईनं भाकर थापली, उलटली, शेकली, तरी ते फिरतच होतं.

"आता बंद करा ना त्याले," ती म्हणाली.

"मी कुठे चालू केलंय?" झुलाल इतका हसला की त्याला ठसका लागला.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी सहाला गाडी निघाली. पारोळ्याच्या पुढे एसटी आडवी आली. झुलालनं पाय दाबला. काही नाही. एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "धक्का देऊ का, शेठ?" काटा साठ. ऐंशी. शंभर. ड्रायव्हरचं हसू अजून पुरतं पसरलंही नव्हतं, तेवढ्यात सुंऽऽऽईंऽऽ! झुलालची टोपी मागे उडाली, एसटी मागे गेली, पाठोपाठ दोन ट्रकही मागे गेले, आणि खिडक्यांतून बाहेर आलेली चाळीस मुंडकी तोंडं उघडी टाकून बघत राहिली.

धुळ्याला नूर महंमदनं स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक टर्बोला लावून ऐकलं. "गाती है," तो म्हणाला. मग गंभीर झाला. "पण शिंदखेड्याला दो मिनट. टर्बो पे हाथ रखके कसम खा."

झुलालनं हात ठेवला. चर्रर झालं. तळव्याला रुपयाएवढा फोड आला. शपथ पक्की झाली.

नऊच्या सुमारास पेठेतून शंख फुंकत गाडी नानांच्या दारात आली. नाना उभेच होते. हातात तांब्या. मागे दोन्ही जावा पदरात तोंड घालून, आणि दाराआड ट्रंकेवर बसलेली वच्छला. झुलालनं ब्रेक लावला, तबकडी शून्यावर आली, पण इंजिन चालूच. चावीकडे हात गेला. फोड चुरचुरला. हात मागे आला.

"या, पाव्हना," नाना म्हणाले.

"रामराम, नाना!" झुलाल बसल्या जागेवरून म्हणाला.

वीस सेकंद. शेजारचे दोघेजण ओट्यावरून उतरून आले.

"उतरा ना."

"हो नाना. उतरतो ना. काय उतरत नाही का मी? बरे आहात ना?"

चाळीस सेकंद. एक जाऊ पुटपुटली, "चिकटना वाटस सीटले." दुसरी फुसकन हसली. वच्छला दाराआडून हातवारे करू लागली. आधी खुणेनं उतर म्हणाली, मग हात जोडले, मग दात ओठ खाल्ले.

"पाय दुखतस का रे तुन्हा?" नानांचा आवाज आता मिशांतून नव्हे, पोटातून आला. "का आमना पानीले वास मारस?"

एक मिनिट दहा. झुलालच्या कपाळावरून घाम आणि नाकावरून सलाईन, एकाच तालात ठिबकत होतं. चावी फिरवावी, तर गाडी मेली, बहीण गेली. न फिरवावी, तर नाना गेले, बहीण गेली. नानांनी तांब्या तिरका केला, पाणी धुळीत ओतलं आणि पाठ फिरवली. वच्छलाचा चेहरा पांढरा पडला. नानांचा पाय उंबऱ्यावर पडणार, तोच झुलालच्या तोंडून आपोआप ओरडणं फुटलं:

"नाना! ती पयी उनी शे! आते बठाडी ते मरी जाई!"

नानांचा पाय अधांतरी थांबला. तरुणपणी नानांच्या बैलजोडीनं पाच गावांच्या शर्यती मारल्या होत्या.

"कोन पयी उनी?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"गाडी. एरंडोलथीन पळत आलीय. पोटात आग आहे तिच्या. हळूहळू निवू द्यावी लागते."

नाना वळले. गाडीजवळ आले. बैलाच्या कुशीवर ठेवावा तसा हात झाकणावर ठेवला आणि झटकन काढला. नाक खाली नेऊन वास घेतला. कान लावला. मिशा हलल्या.

"आनि मागला साल?"

"मागच्या साली तुमचा मान राखला, नाना. लगेच बसवली."

फक्त इंजिन डुगडुगत होतं. मग नाना असे कडाडले की जावांचे पदर सुटले.

"मूरख! पयी उनेल बैलले कोनी उभा करस का? फिरव त्याले, फिरव! सरक तिकडं!"

आणि धोतर सावरून नाना स्वतः झुलालच्या शेजारी गाडीत चढले. गाडी पावलापावलानं पेठेतून फिरली. नाना ओट्याओट्याला सांगत होते, "बाजू व्हा, बाजू व्हा! दम खाई राहिनी ती!" ज्या पेठेतून मागच्या वर्षी बैलांनी तिला ओढलं होतं, त्याच पेठेतून ती आपल्या चाकांवर मारुतीला वळसा घालून दारात आली. नानांनी तबकडी पाहिली. शून्य. "आते बठाड." झुलालनं चावी फिरवली. गाडी शांत झाली. नानांनी दुसरा तांब्या मागवला, आणि पहिली धार झुलालच्या पायांवर नाही, गाडीच्या पुढच्या चाकावर घातली.

जेवणं झाली. गाडी एका हाकेत सुरू झाली. आता पंचाईत अशी की पुढे जागा दोनच, आणि दुसरीवर नाना टोपी घट्ट बसवून आधीच बसलेले.

"नाना, तुम्ही कुठे?" झुलालनं विचारलं.

"तिले वाटमा कोन फिरवी? तू?"

वच्छलानं वेळ घालवला नाही. मागच्या मोकळ्या जागेत ट्रंक फेकली, वर मांडी घातली, जावांकडे वळली आणि भर पेठेत तोंडानं एक लांबलचक सुंऽऽऽईंऽऽ काढली.

उतरत्या दुपारी एरंडोलला लिंबाखाली गाडी थांबली. झोका आधीच बांधलेला. वच्छला मागच्या बाजूनंच उडी मारून त्यावर जाऊन बसली. बेबाबाई तांब्या घेऊन लगबगीनं दारात आली, आणि गाडीत नाना दिसताच तिनं पदर डोक्यावरून ओढला. झुलाल सवयीनं उतरायला निघाला, तेवढ्यात नानांनी त्याचं मनगट धरलं.

"बठ! दोन मिनिट!" आणि बेबाबाईकडे वळून अगदी मऊ आवाजात, "थांब माय. ती दम खाई राहिनी."

बेबाबाई तांब्या घेऊन उन्हात उभी राहिली. मग पुढे झाली आणि सलाईनच्या रिकाम्या बाटलीत पाणी ओतू लागली.