वलांडीवर टांगीन

कोर्टात मी खोटं बोललो नाही. बयच्या तोंडचं एक वाक्य शब्दही न बदलता सांगितलं. माझी चूक तीच.

बय म्हणजे माझी सासू. मुरब्याला, तिच्या कोळ्यांच्या गावात, सगळी आळी तिला बयच म्हणायची. धमकीखेरीज तिच्या मायेला भाषा नव्हती. दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती ते बांबूच्या वलांडीवर वाळत घालायची आणि तोंडाने कुणाला ना कुणाला टांगत असायची. कोंबडी अंगणात शिरली, शेजारीण उशिरा आली, की "टांगीन हां वलांडीवर!" मी घाटावरचा, तारापूरच्या कारखान्यात नोकरीला. लग्नात भर मांडवात माझा कान धरून म्हणाली, "जावयबुवा, पोरीला रडवलीस तं बोंबलावानी टांगीन उन्हात." मांडव हसला. मीही हसलो.

बायको काविळीने गेली तेव्हा आमची चिनू नुकती चालायला लागली होती. "तू कारखाना सांबाल, मी हिला सांबालते," बय म्हणाली आणि पोर उचलून घेऊन गेली. मी रविवारी जायचो. संध्याकाळी वलांडी रिकामी झाली की चिनू दोन्ही हात वर करायची, "बय, मला टांग ना!" बय तिला काखेत धरून उचलायची, पोर खालचा बांबू पकडून लोंबकळायची आणि बय खालून दोन्ही हात पसरून उभी. हा खेळ झाल्याशिवाय पोर जेवायची नाही.

मी दुसरं लग्न केलं, बोईसरला घर घेतलं आणि चिनूला मागायला गेलो. "आनी मी काय करू रं?" एवढंच बय म्हणाली. पोर काही दिली नाही. मी पालघरच्या कोर्टात गेलो.

वकिलांनी विचारलं, "आजी मारते? धमकावते?"

"मारत नाही," मी म्हणालो. मग ते वाक्य सांगितलं, "टांगीन हां वलांडीवर!"

न्यायाधीशांनी चिनूला आत एकटीला बोलावलं. काय झालं ते पुढे निकालात वाचलं. आजी तुला टांगते का? हो, रोज.

बयला विचारलं तेव्हा तिला वाटलं, साहेब चेष्टा करताहेत. "बोलते तं! सगल्यांनाच बोलते. तुमी मुरब्याला या, तुमालापन टांगीन!" कुणी हसलं नाही. तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. "जावयबुवा, सांग ना रं यांना."

मी खाली पाहत राहिलो.

ताबा मला मिळाला. बयला महिन्यातून एका शनिवारी भेट, तीही कोर्टाच्याच खोलीत, एका कर्मचारी बाईंच्या देखत. पहिल्याच भेटीला चिनूने दोन्ही हात वर केले. बयने आपले हात पदराखाली घेतले. "नाय बाय. तसं नाय करायचं." मग त्या बाईंकडे वळून हळूच म्हणाली, "हिला बाय बोललं तं चालल ना?" कोंबड्यांनाही धमकावणारी बय नातीशी बोलायला परवानगी मागत होती.

परतताना चिनू रिक्षात म्हणाली, "बयला मी आता आवडत नाही." तिला खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी गप्प बसलो. ते माझ्या सोयीचं होतं. काही महिन्यांनी चिनू जायला नको म्हणू लागली. मुलीचीच इच्छा नाही, असं मी कोर्टाला कळवलं. भेटी थांबल्या.

आता ती कॉलेजात आहे. मध्यंतरी धाकट्या भावाला दटावताना तिच्या तोंडून निघालं, "टांगीन हां!" आणि ती एकदम थबकली. त्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं. ती रडली नाही. "पप्पा, आधी तुम्ही जाऊन या," एवढंच म्हणाली.

मुरब्याला बय वलांडीपाशीच होती. वाकली होती, हात मात्र तसेच चालत होते.

"या, बसा," ती म्हणाली. मला, जावयाला, आयुष्यात पहिल्यांदा अहोजाहो. "पोर आली हाय?"

"नाही."

तिने पुढचे दोन बोंबील उचलले, जबडे अडकवले.

"बय, चुकलो मी," मी म्हणालो. "तुमची चेष्टा मला कळली होती. तेव्हाच, कोर्टात उभा असताना, कळली होती."