अण्णांचा ससाणा आणि माझी हिरवी गाडी

बातमी आली तेव्हा मी इलेक्ट्रॉनिक सिटीकडे जाणाऱ्या उंच रस्त्यावर, कंपनीच्या बसमध्ये होतो. फोनवर अक्का होत्या, अण्णांच्या पत्नी. "नितीन, अण्णा गेले," एवढंच म्हणाल्या. खाली होसूर रोडवर नेहमीसारख्या गाड्या खोळंबल्या होत्या... जगातली सगळ्यात वेगवान मोटारसायकल कुठली, यावर या तुंबलेल्या शहरात अण्णा आणि मी कित्येक वर्षं भांडत आलो होतो.

खंडेराव, म्हणजे खंडूअण्णा, इथल्या जुन्या मराठी घराण्यातले. त्यांच्या मराठीत 'स्वल्प', म्हणजे थोडं, आणि 'सरी', म्हणजे बरं, असे कन्नड शब्द सहज मिसळून यायचे. मी नागपूरहून नोकरीसाठी आलो आणि इंदिरानगरात त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहिलो. फाटकाच्या आत त्यांची जपानी गाडी असायची, ससाण्याचं नाव असलेली. पुढे मी तिच्या प्रतिस्पर्धी कंपनीची हिरवी गाडी घेतली. अण्णांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि शांतपणे म्हणाले, "छान आहे. पण दुसऱ्या नंबरची."

तिथून सुरू झालं. तिसऱ्याच एका कंपनीने काळ्या पक्ष्याच्या नावाची गाडी काढली, म्हणून अण्णांच्या गाडीच्या कंपनीने तो पक्षी खाणाऱ्या ससाण्याचं नाव आपल्या गाडीला दिलं, ही गोष्ट ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. मग या वेगावरून युरोपात आरडाओरड झाली आणि कंपन्यांनी आपसांत ठरवून ताशी तीनशे किलोमीटरवर हात आवरला. अण्णांची गाडी त्याआधीची, तिच्या काट्याखाली तीनशेच्या पुढचेही आकडे होते. माझी नंतरची. मी म्हणायचो, माझी मोकळी सोडली असती तर तुमची मागे पडली असती. "असती," अण्णा म्हणायचे, "हा शब्द हरणाऱ्याचा."

रस्त्यावर मात्र त्यांनी कधी शर्यत लावू दिली नाही. रविवारी पहाटे आम्ही हेब्बाळपर्यंत जायचो, तळ्याकाठी कॉफी प्यायचो, भांडायचो आणि गर्दी वाढायच्या आत परतायचो. खरा निकाल बंद ट्रॅकवर लावायचा, असं ठरलं होतं. कधी माझी सुट्टी आडवी आली, कधी त्यांच्या घरचं लग्न. घाई कशाला, असं दोघांनाही वाटत होतं.

मग एका रविवारी हेब्बाळच्या सिग्नलला अण्णांच्या डाव्या हाताने क्लच दाबलाच नाही. गाडी हिसका देऊन बंद पडली आणि त्यांच्यासकट कलंडली. मी धावलो. "थंडीने बोटं आखडली," ते म्हणाले. डिसेंबर होता, मी विश्वास ठेवला. पुढच्या महिन्यांत शर्टाची बटणं लागेनात, पेला हातातून सुटू लागला. स्नायूंचं बळ काढून घेणारा आजार होता, डॉक्टरांकडे त्याला इलाज नव्हता. गाडीवर चादर पडली. मी रोज संध्याकाळी खाली जाऊन मुद्दाम भांडण काढायचो. आधी ते तावातावाने उत्तर द्यायचे, मग जीभ जड होत गेली, तसं फक्त मान हलवायचे.

एक दिवस मला खुणेने जवळ बोलावून कसंबसं म्हणाले, "तुझ्या गाडीवर... मागे बसव."

हा माणूस आयुष्यात कुणाच्या मागे बसला नव्हता. मी अक्कांकडे पाहिलं. त्या आत गेल्या आणि आपलं जुनं सुती लुगडं घेऊन आल्या. शेजारच्या दोघांनी अण्णांना उचलून मागे बसवलं, अक्कांनी ते लुगडं आम्हा दोघांभोवती गुंडाळून घट्ट गाठ मारली. आपण चूक करतोय हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं, पण कुणी थांबवलं नाही.

रविवारचा पहाटेचा रस्ता रिकामा होता. मी सायकलसारखी हळू चालवत होतो. त्यांचं वजन माझ्या पाठीवर होतं, किती कमी झालं होतं ते तेव्हा कळलं. हेब्बाळच्या पुलावर त्यांची हनुवटी माझ्या खांद्यावर टेकली. काहीतरी बोलत होते. मी गाडी कडेला घेऊन थांबवली.

"काय अण्णा?"

"तुझी... जास्त चांगली आहे."

इतकी वर्षं मला हेच ऐकायचं होतं. पण आता ते नको होतं. मी म्हणालो, "नाही अण्णा, असं नका म्हणू. तुमचीच वेगवान आहे." आमच्यातलं भांडण तिथे संपलं आणि पाठीवर टेकलेल्या त्या माणसाने कसली तरी तयारी केली आहे, हे मला समजलं. परतताना मी आरशात पाहिलं नाही.

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

अक्कांनी अण्णांची गाडी विकलेली नाही. विचारणारे पुष्कळ येतात. बॅटरी उतरू नये म्हणून दर आठवड्याला सुरू करून देशील का, असं त्यांनी मला विचारलं, तेव्हापासून मी खाली जातो, चादर काढतो, किल्ली फिरवतो. परवा इंजिन तापलं, तसा मी बंद करायला हात पुढे केला. अक्का दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या.

"लगेच नको," त्या म्हणाल्या. "स्वल्प असू दे."

मी हात मागे घेतला. त्यांनी डोळे मिटले होते. त्या आवाजात आम्ही दोघं बराच वेळ तसेच उभे होतो... बंद करायचं कुणी, हे ठरत नव्हतं.