एकच मंडळी, दीडशे ताटं

तारीख: सप्टेंबरचा पहिला शनिवार. रक्कम: ठोक नऊ हजार सहाशे रुपये, पैकी तीन हजार आगाऊ. हजर: आमच्या जळगावच्या मंडळीचे पाळकसाहेब, नशिराबादचे आचारी आणि मंडळीचा खजिनदार म्हणून मी.

दुसऱ्या दिवशी धुळ्याची मंडळी आमच्याकडे उपासनेला येणार होती. नंतर वरण-बट्टीचं जेवण. आमचे ऐंशी, त्यांचे सत्तर. त्या सत्तरांत माझे सासरे. सगळे त्यांना नाना म्हणतात. "जळगावकर वाढतात चांगलं, फक्त मोजून वाढतात," हे त्यांनी माझ्या लग्नापासून निदान दर सणाला ऐकवलं आहे. ते एकदाचं खोटं ठरवावं, एवढीच माझी इच्छा होती.

आचाऱ्यांनी पाळकसाहेबांना विचारलं, "साहेब, मंडळी कितली शे?"

पाळकसाहेब रविवारच्या प्रवचनाची टिपणं काढत बसले होते. विषय सार्वत्रिक मंडळी. मान वर न करता म्हणाले, "मंडळी एकच आहे, भाऊ. धुळ्याची वेगळी, जळगावची वेगळी, असं काही नसतं."

"म्हणजे नाताळले व्हती तीच?"

"तीच. सदासर्वकाळ तीच."

नाताळला आम्ही ऐंशी होतो. आचाऱ्यांनी पैशांचा आकडा सांगितला. मी तो मनातल्या मनात दीडशेने भागला. ताट चौसष्ट रुपयांना पडत होतं. इतकं स्वस्त ऐकून मी पुढे काही विचारलं नाही. माणूस शुद्धीवर येईल अशी भीती वाटली.

रविवारी पाळकसाहेबांनी पाऊण तास सांगितलं की जगातले सगळे विश्वासणारे मिळून एक शरीर आहेत. माणसं हलली होती. मागच्या अंगणात आचारीही हलले होते, पण दारातून आत डोकावून.

मला बाजूला घेऊन, आत बसलेल्या सगळ्यांवरून हात फिरवत म्हणाले, "भाऊ, या बठ्ठा जेवतीन का?"

"मग काय नुसतं गाणं म्हणायला आलेत?"

"मी ऐंशीनं करेल शे. एकशे साठ बट्ट्या. वरणमा पानी टाकता येस, बट्टीमा काय टाकू?"

मी पाळकसाहेबांना गाठलं आणि स्वयंपाक ऐंशी जणांचाच झाल्याचं सांगितलं. ते म्हणाले, "मी काही चुकीचं बोललो का?"

"नाही साहेब. सार्वत्रिक मंडळी मला मान्य आहे. पण ताटं स्थानिक असतात."

ठरलं असं की आमच्या माणसांनी भूक नाही म्हणायचं आणि धुळेकरांना आधी बसवायचं. मी पंगतीजवळ जाऊन म्हणालो, "नाना, चला, पाहुण्यांनी आधी बसायचं."

नाना जागचे हलले नाहीत. "पाहुणे कोण? आत्ताच पाऊण तास ऐकलं ना, मंडळी एकच. तुम्ही बसा, मग आम्ही."

"तुम्ही बसा."

"जावईबापू, तुम्ही आधी."

दोन्ही गावं उभी आणि पत्रावळी रिकाम्या. आमच्या एका आजींनी भूक नाही म्हणून सांगितलं आणि त्यांचं पोट एवढ्या मोठ्यानं वाजलं की धुळ्याच्या बायका हसायला लागल्या.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. "कमी पडलंय?"

"हो."

"किती?"

"निम्मं."

मला वाटलं, आता आयुष्यभराचं ऐकावं लागणार. नानांनी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि बट्ट्यांची परात स्वतः उचलली. "सगळे एकदम बसा रे, जळगाव-धुळं मिसळून. माणशी एक बट्टी. भाकर मोडून वाटून घ्यायचं आपल्याला कुणी नव्यानं शिकवायला नको." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही मागून या आणि मोजा. आज मोजणारा माणूस लागणार आहे."

मी मोजलं. दहा उरल्या. त्या मुलांना दिल्या. वरण पातळ होतं, पण कमी पडलं नाही. पोटाला आधार म्हणून नानांनी रस्त्यावरची केळ्यांची गाडीच आत बोलावली आणि पंचवीस डझन उतरवून घेतली.

आचाऱ्यांना उरलेले सहा हजार सहाशे दिले. त्यांनी जास्त मागितले नाहीत आणि मी कमी केले नाहीत. केळीवाल्याला साडेसातशे. ते नानांनी दिले. मी खिशात हात घातला, तेव्हा त्यांनी तो धरून ठेवला.