म्हशीला सांगितलेली लढाई

मामा गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून म्हशीनं दूध द्यायचं बंद केलं. घरातले आम्ही सगळे शिकलेले, त्यामुळे आधी आम्ही याला योगायोग म्हटलं. मग तिची कास तटतटून फुगली, हात लावला की ती लाथ झाडू लागली, आणि योगायोग हा शब्द मागे पडला.

खरं कारण आमच्या कसबा बावड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. फौजेतून निवृत्त होऊन आल्यापासून या घरातल्या म्हशीची धार मामाच काढत, आणि धार काढताना तिला पासष्टच्या लढाईची गोष्ट सांगत. गोष्ट सुरू झाली की ती कान हलवायची. तोफा धडाडू लागल्या की पान्हा सोडायची. तिच्या आईलाही त्यांनी हीच गोष्ट ऐकवली होती. ऐकणाऱ्यांची पिढी बदलली, तरी गोष्ट संपली नव्हती. तपशील मात्र रोज नवा असायचा. मी तेव्हा कॉलेजात इतिहास शिकवत होतो. एकदा सहज जुळवून पाहिलं, तर एकाच संध्याकाळी मामा दोन आघाड्यांवर लढत होते आणि शिवाय तिसरीकडे इस्पितळात पडून होते. मी हे त्यांच्या नजरेला आणून दिलं.

"मग?" मामा म्हणाले. "फौजेत माणसं कमीच हुती की."

फौजेत ते ट्रक चालवायचे आणि त्या लढाईत त्यांनी बटाटे वाहिले. हे त्यांनी कधीच लपवलं नाही. फक्त त्यांच्या तोंडून ऐकताना तोफांपेक्षा बटाटेच जास्त धोक्याचे वाटायचे. छातीवरचं मेडल कुणी कौतुकानं हातात घेतलं की ते म्हणायचे, "हे तिथं हजर हुतो म्हणून दिलंय. घरात एवढी वर्षं हजर हाय, तुझ्या मामीनं कधी काय दिलंय काय?"

यावर स्वयंपाकघरातून भांडी आपटल्याचा आवाज यायचा. मामांची गोष्ट सुरू झाली की मामीची भांडी सुरू व्हायची. मामीला त्या लढाईचा वीट आला आहे, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

म्हशीला मामा 'कर्नलसाहेब' म्हणत. दिवसभर खायचं, बसून चघळायचं आणि बाकीच्यांनी पुढं उभं राहायचं, हे त्यांच्या मते कर्नलचंच काम होतं. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशींची शिंगं रंगवून, गळ्यात कवड्यांच्या माळा घालून त्यांना मालकाच्या फटफटीमागं पळवतात. बाकीच्यांच्या म्हशी वाऱ्यासारख्या जायच्या. आमची मात्र रमतगमत निघायची आणि तिच्या पुढं मामा चालत. लोक हसले की ते म्हणायचे, "हसताय काय पावणं? मोठा अधिकारी कधी पळताना बघितलाय काय?"

तर ती म्हैस आता रुसली होती. जुलमानं पिळून निघायचं ते चहापुरतं. मामेभावाला कचेरीत रोज जावं लागे. त्यानं दोन दिवस पाहिलं आणि म्हशींची खरेदी-विक्री करणाऱ्या दलालाला निरोप धाडला. आमच्याकडे त्याला हेडी म्हणतात.

मामीनं हे ऐकलं तेव्हा ती सोप्यात भिंतीला टेकून बसली होती. मामा गेल्यापासून ती बोललीच नव्हती. भेटायला येणाऱ्या बाया गळ्यात पडून रडायच्या, ही त्यांच्या पाठीवर हात फिरवायची, एवढंच. त्या दिवशी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"म्हस जायची न्हाय."

"आई, ती आटणार. आजारी पडंल. मग काय करायचं?"

"माणूस गेलं, आता म्हस बी न्या. मला बी घाला त्या गाडीत."

मामेभाऊ मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "हेडी परवा येतोय. तवर तिनं दूध दिलं तर ठीक. न्हाईतर आई काय बी म्हणूदे, मुक्या जनावराचे हाल मला बघवत न्हाईत." त्याचंही बरोबरच होतं. घरात दोघांचंही बरोबर असलं की तिसऱ्याला कामाला लागावं लागतं.

पहिला प्रयोग त्यानंच केला. मामांचा खाकी स्वेटर घातला, डोक्याला त्यांचाच मफलर गुंडाळला आणि खाली मान घालून बसला. म्हशीनं स्वेटर हुंगला, ओळखला, आणि आत भलताच माणूस आहे हे कळल्यावर बादली लाथाडली. दुसरा प्रयोग रेडिओचा. शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम लावला. सोयाबीनवरच्या कीडनियंत्रणाची माहिती तिनं शांतपणे ऐकली, आणि कार्यक्रमाला साजेसा प्रतिसाद शेणाच्या रूपात दिला.

तिसरा मी. मला गोष्ट येत होती. माझी चूक एवढीच झाली, की मी ती दुरुस्त करून सांगितली. दोन आघाड्यांतली एक काढून टाकली, इस्पितळ गाळलं, घटना क्रमानं लावल्या. माझ्या वर्गातली मुलं जशी बघतात तशी म्हैस माझ्याकडे बघत होती. अर्धा पेला दूध निघालं. मामेभावाच्या मुलीनं, माझ्या पुतणीनं, पेला उजेडात धरून पाहिला आणि म्हणाली, "काका, पास झालात. काठावर."

हेडी यायच्या दिवशी संध्याकाळी धारेच्या वेळेला गल्लीतल्या तालमीचे अध्यक्ष आले. इस्त्रीची टोपी, हातात हार, सोबत दोन कार्यकर्ते. तालमीत शोकसभा ठेवली होती आणि मामांचा पराक्रम मांडायची जबाबदारी अध्यक्षांनी स्वतःवर घेतली होती. भाषण पाठ होतं. ते त्यांनी मामीला ऐकवायला सुरुवात केली. मामा त्यात रणमार्तंड झाले होते. त्यांच्या नुसत्या नावानं शत्रूची छाती दडपत होती. बटाट्यांचा उल्लेख कुठंच नव्हता.

मामी ऐकत होती. मग शांतपणे म्हणाली, "हिकडं नगं. गोठ्यात चला."

"गोठ्यात?"

"म्हशीला सांगा. तिला बरं वाटंल."

अध्यक्षांनी आजवर पुष्कळ ठिकाणी भाषणं केली होती, पण समोर एकटी म्हैस अशी सभा त्यांची पहिलीच. मात्र विधवा बाईला नाही कसं म्हणायचं? धोतराचा सोगा वर धरून ते गोठ्यात गेले. मामेभाऊ बादली घेऊन बसला. तेवढ्यात हेडीही येऊन दारात उभा राहिला, खांद्यावर नवं दावं टाकून.

"रणांगणावर रक्ताचे पाट वाहत असताना," अध्यक्षांनी आवाज चढवला, "हा नरसिंह..."

म्हशीनं कान पाडले.

"...हा नरसिंह एकटा शत्रूच्या गोटात घुसला..."

म्हशीनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, शांतपणे त्यांच्या हातातला झेंडूचा हार ओढून घेतला आणि खाऊ लागली. एक कार्यकर्ता हार सोडवायला पुढं झाला. शेपटीचा ओला फटका त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर बसला. बादलीत थेंब नाही.

मागून एक विचित्र आवाज आला. मी वळून पाहिलं. मामी तोंडात पदर कोंबून हसत होती. खांदे गदगदत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "नरसिंह!" ती कशीबशी म्हणाली. "झुरळाला भ्यायचं वो ते!" आणि मग मामेभाऊ हसला, मी हसलो, हेडी हसला, पुतणी तर जमिनीवरच बसली. घरात सुतक, आणि गोठ्यात आम्ही पोट धरून उभे. अध्यक्षही शेवटी टोपी काढून हसू लागले. टोपीखाली बराच बरा माणूस निघाला.

मामीनं डोळे पुसले, मामेभावाला उठवलं आणि बादली मांडीत धरून बसली.

"ऐका कर्नलसाहेब," ती म्हणाली. अगदी मामांच्या सुरात. "आपुन निगालो. गाडीत बटाटी. फुडं गाड्या, मागं गाड्या. आनि कडंला काय? ऊस! असा उंच. आता कोल्हापूरच्या माणसानं ऊस बघून गाडी थांबवू नये म्हंजे काय?"

म्हशीचा एक कान हलला.

आम्ही ही गोष्ट शंभरदा ऐकली होती, आणि मामीनं ती भांड्यांच्या आवाजातून आमच्यापेक्षा नीट ऐकली होती. मामा उतरले, एक ऊस मोडला, बावड्याच्या उसापेक्षा गोड आहे का ते बघितलं, नव्हता, म्हणून खात्रीसाठी दुसरा मोडला. तोवर बाकीच्या गाड्या निघून गेल्या. ती मामांसारखीच भुवया उडवत होती, गोष्टीतल्या पंजाबी सुभेदाराची शिवी तशीच अर्ध्यात गिळत होती. मग तोफा सुरू झाल्या आणि पहिली धार बादलीत वाजली.

मामांच्या गोष्टीत इथं ते ट्रक घेऊन थेट शत्रूच्या छावणीत घुसायचे. मामीच्या गोष्टीत ते उसातच राहिले.

"दिसभर उसात बसले. गाडीखाली. गप बसलं की तोफा ऐकू येत्यात, म्हणून बोलत ऱ्हायले. कुनाशी? बटाट्यांशी. त्यांस्नी घरचं सांगितलं, माझं सांगितलं, ह्या पोराचं बारसं सांगितलं. तवापासनं गप बसाय यीना बघा त्यांस्नी." तिचा हात चालूच होता. "मला लगीच सांगितलं हुतं. लढाईवरनं घरला आले त्याच दिवशी. म्हनले, कुनाला बोलू नगंस. म्हनून मी आत भांडी वाजवायचो. लई गप झालं की त्यांच्या तोंडातनं खरं येईल असं वाटायचं."

बादलीतला आवाज आता भरल्या भांड्याचा येत होता. फेस काठावर आला होता.

"आनि मग?" हेड्यानं विचारलं. तो कधीचा उंबऱ्यावर बसला होता.

"मग काय? बटाटी कधी जाब देत्यात व्हय? म्हस निदान कान तरी हालवती." मामीनं बादली मामेभावाच्या हातात दिली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. "त्याला च्या द्या रे. आनि त्याचं दावं त्याच्यासंगट जाऊदे."