तांब्याचं तपेलं, दौंडची कल्हई आणि पारगावचं गुऱ्हाळ

"शुक्रवारी रजा टाक. गाडी घेऊन ये. आन् येताना फाटकी साडी आण एखादी," शोभाताईनं फोनवर एवढंच सांगितलं. शोभाताई माझी थोरली बहीण. आमचं माहेर केंदूर, तिला दिलं वडगाव रासाईला आणि मला पुण्याला. ती गावातल्या बचत गटाची अध्यक्ष आहे आणि तिच्या बोलण्यात विनंती नावाचा प्रकार नसतो.

भानगड अशी होती. गावाची सार्वजनिक भांडी, म्हणजे पितळी पातेली, पराती, घागरी आणि तांब्याचं एक अजस्र तपेलं, देवळामागच्या खोलीत बंद पडली होती. फार वर्षांपूर्वी एका लग्नात त्याच तपेल्यात कढी केली. आतली कल्हई उडालेली कुणी बघितली नाही. कढी कळकली आणि निम्मं वऱ्हाड ओकाऱ्या काढत रात्रभर जागं राहिलं. तेव्हापासून भंडाऱ्याला केटररची ॲल्युमिनियमची भांडी येऊ लागली. यंदाच्या बैठकीत ही जुनी भांडी मोडीत घालायचं ठरत होतं, तेवढ्यात ताई उठली आणि म्हणाली, "यंदाचा भंडारा ह्याच भांड्यांत व्हणार. बचत गटाच्या बाया रांधतील."

भंडाऱ्याची व्यवस्था बघणारे आबा कढीच्या त्या लग्नात स्वतः आजारी पडले होते. ते म्हणाले, "रांधा. पण एका जरी माणसाचं पोट बिघडलं, तर दुसऱ्या दिवशी भांडी मोडीत. मग कुणी रडायचं न्हाई."

भंडारा रविवारी होता. एरवी मी या ब्लॉगवर किल्ले आणि धबधबे लिहिते. यावेळी मी फाटकी साडी घेऊन निघाले.

शुक्रवार : शिक्रापूरची मिसळ आणि चिंचेचा कोळ

नगर रोडनं जाणार असाल तर वाघोली उजाडायच्या आत मागं टाका. नंतर रांजणगावच्या कंपन्यांच्या बसेस सुरू होतात आणि मग त्या बसच्या मागच्या काचेवरची अक्षरं वाचत बसायचं. शिक्रापुरात मिसळ खाल्ली (झणझणीत, दही आधीच मागून ठेवा) आणि चौकातून उजवीकडं वळले. तळेगाव ढमढेरे, न्हावरा आणि मग भीमेच्या दिशेनं खाली. रस्ता बरा आहे. उसाच्या ट्रॉल्या मात्र सांभाळा, त्या आरसा बघत नाहीत.

पोचले तेव्हा ताईच्या दारात बाया जमल्या होत्या आणि अंगणात भांड्यांचा ढीग पडला होता. काळपट हिरवी, जळमटं लागलेली, कुणाच्या बुडाला पोचा, कुणाची कडी निखळलेली. मधोमध तपेलं. मी त्यात उभी राहिले असते तर माझा फक्त गळ्यापासून वरचा भाग दिसला असता.

"ॲसिड आणलंय का कुणी?" मी विचारलं. इंटरनेटवर वाचलं होतं.

"ॲसिडानं भांडं झिजतं. चिंच घे," ताई म्हणाली.

बादलीभर चिंच भिजवली होती. कोळात जाडं मीठ घालायचं, त्यात चुलीची चाळलेली राख, आणि नारळाच्या शेंडीनं घासायचं. पहिली पाच मिनिटं काही होत नाही. मग अचानक हाताखालून गुलाबी-तांबूस रंग वर येतो, एखाद्याचा चेहरा ओळखीचा निघावा तसा. मी ओरडलेच. बाया हसल्या. दुपारपर्यंत अंगणात बघवत नव्हतं एवढं ऊन त्या भांड्यांवरून परत उठत होतं.

घरी करून बघणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवा. भांडं धुतलं की लगेच कोरडं पुसायचं (फाटकी साडी त्यासाठीच होती). पाणी तसंच वाळलं तर डाग पडतात आणि सगळी मेहनत वाया.

संध्याकाळी आबा आले. काठीनं तपेल्यावर टकटक केली. "भायेरनं झाक दिसतंय. आतनं काय?"

"कल्हई करून घेणार, आबा."

"कोण करणार? शिरूरच्या बाजारात तरी ऱ्हायलाय का कुणी कल्हईवाला?"

कुणीच उरला नव्हता. ताईनं शिरूरमधल्या सगळ्या भांडीवाल्यांना फोन लावले होते. पण तिनं आबांना तसं कळू दिलं नाही. उलट म्हणाली, "आन् आबा, सायंकाळच्या पंगतीला मी चिंचगुळाची आमटी करणार हाय. आंबटच."

आबांनी तिच्याकडं बघितलं. "सूनबाई, दाळवांगं कर की. कशाला परीक्षा?"

"आंबटाला जे भांडं टिकलं, तेच चांगलं भांडं," ताई म्हणाली. आबा गेल्यावर ती माझ्याकडं वळली. "आता उद्या कसंबी करून कल्हईवाला घावला पायजे."

शनिवार : दौंड

एका भांडीवाल्यानं एवढंच सांगितलं होतं की दौंडला स्टेशनजवळ मुनीरभाई म्हणून आहेत, पूर्वी कल्हई करायचे, आता गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतात. तेवढ्या धाग्यावर आम्ही दोघी निघालो. पारगावचा पूल ओलांडला की दौंड तालुका लागतो. पुढं केडगाव, चौफुल्याला सोलापूर हायवे, वरवंड, पाटस आणि दौंड. दोन्ही बाजूंना ऊस आणि मधूनच गुऱ्हाळांचा धूर. गाडीच्या काचा खाली करा, हवेलाच गुळाचा वास असतो. पुण्याहून रेल्वेनंही दौंडला येता येतं, पण मग भांडी घेऊन फिरायचे वांधे.

मुनीरभाईंचं दुकान म्हणजे एका माणसाला बसता येईल एवढी जागा. साठीच्या आसपासचे, चष्मा कपाळावर. ताईनं 'कल्हई' म्हटलं आणि त्यांनी हातातला बर्नर खाली ठेवला.

"पुन्हा बोला," ते म्हणाले.

"कल्हई करायचीय. भंडारा हाय उद्या."

"किती साल झाले, ताई, हा शब्द कोणी दुकानात येऊन बोललं नाही." त्यांनी मागचा पडदा सारला. भाता, चिमटे, नवसागराचा डबा, कथलाच्या कांड्या, सगळं पुसून ठेवलेलं. "बायको बोलते इक टाक. मी बोललो, खायला नाही मागत ना ते? राहू दे."

मी मोबाइलवर तपेल्याचा फोटो दाखवला. त्यांचा चेहरा उतरला. "बाकीचं सगळं करून देतो. पण हे? ये तो मेरी भट्टीपे बैठेगाच नहीं. बूड तापेल, कड थंड राहील. कथील धरणार नाही."

  ताई कथलाच्या कांड्या उचलत म्हणाली, "तुम्ही चला तर खरं. जेवढं व्हईल तेवढं करू." मुनीरभाईंनी सामान गाडीत टाकलं आणि शटर ओढलं. निघताना स्टेशनबाहेर चहा आणि गरम भजी घेतली, ती मात्र कुणालाच गोड लागली नाहीत.

पारगावचं गुऱ्हाळ

परत येताना पारगावच्या अलीकडं मी काकवी घ्यायला गाडी थांबवली.  गुऱ्हाळात काहिलीतला रस उतू यायच्या बेतात होता. गूळ शिजवणाऱ्या गुळव्या मामांनी इशारा केला, दोन माणसांनी साखळी ओढली आणि कप्पीवरून ती प्रचंड काहील चुलवणावरून उचलली गेली. खाली जाळाचं तोंड उघडं पडलं, आत पांढरट तांबडी आग.

काकवीची बाटली घेऊन मी वळले तर मुनीरभाई त्या आगीकडं बघत उभे. साखळीकडं, कप्पीकडं, पुन्हा आगीकडं.

"शोभाताई," ते हळू म्हणाले, "तपेल्याला कड्या आहेत ना?"

"चार हाईत."

"तो फिर हो गया."

गुळव्या मामांना समजावणं सोपं नव्हतं. "गुळाच्या चुलवणावर भांडं? नवसागराचा धूर रसाला लागला म्हंजी माल गेला की माझा."

"शेवटचं आदण उतरल्यावर," ताई म्हणाली. "तुमचा रस संपल्यावर. जाळाला चिपाडं आम्ही टाकतो, झाडून आम्ही देतो. मामा, गावजेवण हाय."

मामांनी बराच वेळ मिशी चोळली. "दिवस कलायच्या आत घेऊन या. पोरं अंधारात थांबत न्हाईत हितं, उसात बिबट्या फिरतोय."

दाजींचा पिकअप घेऊन आम्ही वडगावला सुटलो. तपेलं चढवताना आबा आले आणि थेट ड्रायव्हरशेजारी बसले. "भांडं गावाचं हाय. मी बी बघणार." मागं तपेल्याला धरून बचत गटाच्या बाया.

गुऱ्हाळात पोचल्यावर मुनीरभाई चपला काढून तपेल्यात उतरले. आत ओली वाळू टाकली, काठाला धरलं आणि कंबर हलवत पायांनी बूड घासू लागले. तपेल्यातून खर्र खर्र आवाज आणि वरून फक्त त्यांचं हलणारं डोकं. बायांनी पदर तोंडाला लावले. थोड्या वेळानं त्यांना धाप लागली तशी ताईनं साडी खोचली. "सरका," म्हणाली आणि स्वतः आत उतरली. आबा दुसरीकडं बघत हसत होते.

मग साखळीला तपेलं अडकवलं, चुलवणावर आडवं धरलं, आणि मुनीरभाई म्हणतील तसं गुऱ्हाळातले चौघे ते फिरवत राहिले. तांबं तापल्यावर नवसागराची चिमूट पडली आणि पांढरा धूर भसकन उठला. (कल्हई बघायला जाल तर वारा पाठीमागून येईल असे उभे राहा आणि नाकाला रुमाल लावा.) कथलाची कांडी टेकवताच वितळली. मुनीरभाईंनी काठीला बांधलेला कापसाचा बोळा फिरवला आणि काळ्या तांब्यावर चांदी धावत सुटली.

मध्येच ते ओरडले, "रुको!"

बुडाशी हाताएवढ्या जागेत कथील धरत नव्हतं. थेंब होऊन घरंगळत होतं. तिथं जुनी चिकटी राहिली होती. त्यांनी लांब काठीला चिंधी गुंडाळून वाळू आणि नवसागरानं तो डाग घासायला घेतला, तोवर जाळ बसायला लागला. सूर्य उसाच्या तुऱ्यांना टेकला होता. चिपाडं टाकणारा माणूस घरी निघाला होता. मी इकडंतिकडं बघितलं तर आबा काठी टेकवून ठेवून, धोतर वर खोचून, चिपाडाची कवळ उचलत होते.

"बघत काय बसलाय? आणा!" ते बायांवर खेकसले.

सगळ्या धावल्या. मीही. जाळ परत उसळला, पुन्हा नवसागर, पुन्हा धूर, कांडी टेकली, बोळा फिरला. या वेळी चांदी त्या डागावर चढली आणि थांबली नाही. मुनीरभाईंनी पाण्याचा हबका मारला. चर्रर्र झालं. तपेलं साखळीला डोलत होतं आणि त्याच्या पोटात मावळतीचं सगळं आकाश होतं.

गुळव्या मामाच पहिले ओरडले, "आरं वा रं पठ्ठ्या!" मुनीरभाईंनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसतच राहिले.

रविवार : पंगत

लहान भांडी मुनीरभाईंनी सकाळी ताईच्या अंगणात भाता लावून उरकली. दुपारी तपेल्यात आमटी रटरटू लागली. चिंच, गूळ, काळा मसाला, वर तेलाचा लाल तवंग. ढवळायला लाकडी डाव, कारण लोखंडी उलथन्यानं कल्हई खरवडते.

पहिलं ताट आबांचं. सगळ्या बाया चुलाण्याजवळ गोळा होऊन बघत होत्या. आबांनी भाकरी चुरली, आमटी ओतून घेतली, घास घेतला. चावला. गिळला.  पुन्हा एक घास. मग रिकामी वाटी पुढं केली.

"आबा, कशी झालीय?" ताईला राहवेना.

"बोलायला तोंड मोकळं ठेवशील तर सांगीन. वाढ आधी."

मग पंगतींवर पंगती उठल्या. "आमटी! आमटी हिकडं!" एवढंच ऐकू येत होतं. रांजणगावहून शिफ्ट संपवून आलेली पोरं कंपनीच्या गणवेशातच बसली होती. मुनीरभाईंना आबांनी शेजारी बसवून घेतलं होतं आणि त्यांच्या वाटीकडं स्वतः लक्ष ठेवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी गावातून चक्कर मारून आले. कुणाचं पोट दुखलं नव्हतं. एकाचं दुखत होतं, पण त्यानं सात भाकरी खाल्ल्या होत्या.

आबा देवळासमोर उभे राहिले आणि भांड्यांच्या खोलीची किल्ली त्यांनी ताईच्या हातात ठेवली. "आजपासनं ही बायांची. मोडीचं नाव कुणी काढायचं न्हाई." टाळ्या वाजल्या. ताईनं पदर डोळ्यांना लावला असेल असं वाटलं, तर ती ओरडत होती, "तपेल्याला तारेची घासणी लावू नका गं! मऊ फडक्यानं!"

घरी

तुम्हालाही माळ्यावरची भांडी खाली काढायची असतील तर थोडक्यात सांगते. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेत आंबट शिजवू नका. ताक, चिंच, लिंबू, टोमॅटो काहीच नाही. पिण्याच्या पाण्याला तांब्याचा हंडा चालतो, त्याला कल्हई लागत नाही. कल्हईचं भांडं रिकामं तापवू नका, शिजलेलं त्यात रात्रभर ठेवू नका, आणि आतून पिवळं किंवा तांबूस दिसू लागलं की पुन्हा कल्हई करा. कल्हईवाल्याला कथील शुद्ध आहे ना, शिसं मिसळलेलं नाही ना, हे विचारायला लाजू नका. दर भांड्याच्या आकारावर ठरतो, आधी बोलून घ्या.

आठवड्यानं ताईचा फोन आला. केंदूरच्या आमच्या चुलत्यांनी लग्नासाठी तपेलं मागितलं होतं. "दिलं," ती म्हणाली, "पण त्यांच्या घरच्या भांड्यांना मुनीरभाईंची तारीख मिळंना. शिरूरमधनं बोलावणं आलंय त्यांना, शेगड्या दुरुस्त करायला सवड न्हाई आता." ती हसत होती. लहानपणी गोट्या जिंकल्यावर हसायची तसं.

हाताच्या रेघांत अडकलेला काळेपणा जायला मला बरेच दिवस लागले आणि ऑफिसात मी तो मुद्दाम लपवला नाही. मुनीरभाईंनी निघताना माझ्यासाठी कल्हई करून दिलेलं पितळी पातेलं मी ताईचा फोन आला त्या संध्याकाळी गॅसवर चढवलं. ताईच्या पद्धतीनं चिंच, गूळ, काळा मसाला. स्टीलवर वाढलेली माझी लेक आधी वास घेत राहिली, मग एक चमचा चाखला, मग दुसरा. मग वाटी पुसून माझ्यापुढं धरली.

"अजून आहे?"

होती. पातेलंभर होती.