बाहेरचे बूट

आम्ही अमेरिकेत श्रूजबरीला राहायचो तेव्हा मी जवळच्या एका बुटांच्या कारखान्यात शिलाईला होते. नवऱ्याची इंजिनिअरची नोकरी होती, पण मला घरी बसवेना. शेजारच्या मशीनवरची बाई माझी मैत्रीण झाली, मला रोज तिच्या गाडीतून न्यायची. तिचा नवरा तिथेच कटिंगला होता. मी दिलेलं लिंबाचं लोणचं तो ब्रेडला लावून खायचा.

बाहेरून येणारे बूट इतके स्वस्त होते की आमचा माल दुकानांत पडून राहायला लागला. सरकार आयातीवर मर्यादा घालेल, या आशेवर सगळे होते. एका सकाळी रेडिओवर सांगितलं, मर्यादा येणार नाही. त्याच आठवड्यात कारखान्याच्या अंगणात एक कंटेनर येऊन लागला. आत तयार बूट होते, हुबेहूब आमच्यासारखे. मॅनेजर म्हणाला, "उद्यापासून फक्त पॅकिंग. कटिंग आणि शिलाई बंद."

कुणीतरी पहिला खोका फोडला. मग पुरुष तुटूनच पडले. मॅनेजर मध्ये आला, त्याला खाली पाडून लाथा घातल्या. त्याचा चष्मा कुणाच्या तरी बुटाखाली गेला. मी भिंतीला लागून उभी होते. मैत्रिणीचा नवरा माझ्याकडे वळला. त्याच्या हातात चामडं कापायची रापी होती.

"हे तुझ्या लोकांनी बनवलेत."

"खोक्यावर बघ. तैवानचे आहेत."

"मला काय फरक पडतो?"

त्याने माझी वेणी धरून डोकं कंटेनरच्या पत्र्यावर आपटलं. रापी गळ्याला लागली. गरम काहीतरी ब्लाऊजमध्ये उतरलं, ते रक्त आहे हे मला जरा वेळाने कळलं.

तेवढ्यात माझ्या मैत्रिणीने मागून येऊन बुटाचा लोखंडी साचा त्याच्या कानशिलावर घातला. तो गुडघ्यांवर आला, तरी तिने परत मारला. तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा मीच तिला मिठी मारून धरलं.

हॉस्पिटलमध्ये माझ्या गळ्याला टाके पडले. पोलीस आले तेव्हा ती म्हणाली, "झालं तसं सांग. त्याचंही आणि माझंही." मी सांगितलं. तिला सोडून दिलं, तो काही महिने तुरुंगात गेला. कारखाना त्याआधीच बंद झाला होता. ती एका वृद्धाश्रमात कामाला लागली.

सुटल्यावर एका दुपारी तो आमच्या दारात आला. एक कान कायमचा गेला होता, म्हणून मान वाकडी करून ऐकत होता.

"तू मेली असतीस," तो म्हणाला.

"हो."

त्याला आणखी काही बोलायचं होतं, पण जमेना. मी त्याला आत बोलावलं नाही. पायऱ्या उतरताना त्याचा तोल गेला, त्याने कठडा धरला, आणि मी दार लावून घेतलं.