घोरण्याच्या पुस्तकानं पहिला नंबर काढला तेव्हा

माझ्या मामाचं रत्नागिरीत पुस्तकांचं दुकान आहे. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली आणि मला घर खायला उठलं, तेव्हा मामा म्हणाला, "माझ्या गल्ल्यावर येऊन बस. गिऱ्हाईक नसलं की वाच, नाहीतर लिही."

गिऱ्हाईक बहुतेक वेळ नसायचंच. म्हणून मी भरपूर लिहिलं. हळूहळू कथांचा एक संग्रह तयार झाला. आपल्या माणसांची काळजी करत बसणाऱ्या बायकांच्या त्या कथा होत्या, म्हणून नाव दिलं 'जिवाला घोर'. पुण्याच्या एका प्रकाशकांकडे पाठवून दिला. त्यांच्याकडून हूं की चूं नाही. माझ्या जिवाला मात्र खरोखरच घोर लागला.

त्याच सुमारास आमच्याकडच्या एका वर्तमानपत्राला हुक्की आली. रविवारच्या पुरवणीत 'जिल्ह्यात सर्वाधिक खपलेली पुस्तकं' असं सदर सुरू झालं. आता जिल्हाभर चौकशी करत कोण फिरणार? उपसंपादक दर गुरुवारी मामाला फोन करायचा. मामा सांगेल तो जिल्हा.

मामानं हे फारच मनावर घेतलं. गुरुवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून यायचा आणि फोन आला की उभा राहून बोलायचा. अडचण एकच होती. शाळेची पुस्तकं, गाइडं, पंचांगं धरायची नाहीत असा नियम होता, आणि ती वगळली की उरलेल्याला 'सर्वाधिक' म्हणायला छातीच लागायची. मामाला ती होती.

"पहिल्या नंबरला काय लिहू?" उपसंपादकानं विचारलं.

"ते जाडं चरित्र लिहा."

"किती प्रती गेल्या?"

"गेली एकच. पण जाडी आहे."

आता बाबांबद्दल सांगायला हवं. माझे बाबा बंदर खात्यातून निवृत्त झालेले. आम्ही एकाच इमारतीत राहतो, ते पहिल्या मजल्यावर आणि आम्ही त्यांच्या डोक्यावर. दुपारी जेवण झालं की बाबा गॅलरीत आरामखुर्ची टाकतात आणि डोळा लागला रे लागला की घोरू लागतात. साधंसुधं नाही. आधी एक लांब शीळ, मग खर्ज, मग मधेच सगळं बंद. त्या बंद काळात इमारतीतली माणसं हातातली कामं थांबवून वाट बघतात. तळमजल्यावरचे चाचा आखातात जहाजावर इंजिनं सांभाळून परत आलेले. ते मला एकदा म्हणाले, "बेटा, मशीन तुझ्या बाबांचं मजबूत आहे. फक्त सायलेन्सर गेलाय."

अशात दुकानात एक नवं पुस्तक आलं, एका डॉक्टरांनी लिहिलेलं. 'शांत झोप, सुखी शेजार'. घोरण्यावर घरगुती उपाय.

सोमवारी शेजारच्या ब्लॉकमधल्या काकू आल्या. इकडेतिकडे बघत त्यांनी ते उचललं. "माझ्या भावाला हवंय गो. हेदवीला असतो ना, तो." मी कागदात बांधून दिलं. मग वरच्या मजल्यावरचे गणिताचे सर आले. त्यांच्या साडूला त्रास होता. मग चाचा आले आणि कुवेतमधल्या कुठल्याशा दोस्ताची हकिगत सांगू लागले. मला वाटलं, अरे बापरे, ही साथच आलेली दिसते! इतक्या जणांच्या घरी हेच दुखणं असेल तर बाबांची काय चूक? तरी एक प्रत मीही बाजूला काढली, कारण रविवारी बाबांची पंच्याहत्तरी होती. मी जेवायला गेले असताना माझी आईसुद्धा येऊन मामाकडून एक घेऊन गेली. हे मला नंतर कळलं.

गुरुवारी मामानं फोनवर प्रथमच सत्य सांगितलं. "पहिल्या नंबरला घोरणं लिहा. आणि यावेळी खरोखर!"

रविवारी सकाळी यादी छापून आली आणि संध्याकाळी गच्चीवर पंच्याहत्तरी झाली. औक्षण झालं, केक कापला, आणि नातवंडांच्या आग्रहाखातर बाबा भेटी उघडू लागले. काकूंची उघडली. 'शांत झोप, सुखी शेजार'. सरांची उघडली. तेच. चाचांची, तेच. मी माझं पुडकं साडीच्या पदराखाली सरकवायला बघत होते, पण आईनं तिचं पुढे केलेलं बघून हात तिथेच राहिला.

बाबांनी पुस्तकांची चळत नीट एकावर एक लावली. चष्मा पुसला. "म्हणजे पेपरात पहिलं आलेलं ते हेच ना? सकाळी वाचून मी हिला म्हटलं, असली पुस्तकं घेतात तरी कोण!"

काकू एकदम केकच्या बश्या गोळा करू लागल्या. शेवटी चाचा म्हणाले, "साहेब, ते सगळे इथेच बसलेत."

"पण मी तर घोरतच नाही," बाबा म्हणाले.

मग मात्र सगळी गच्ची इतकी हसली की रस्त्यावरून जाणारी माणसं वर बघू लागली. बाबाही हसले, पण आपण कशाला हसतोय हे त्यांना कळलेलं नव्हतं.

एवढ्यावर भागलं असतं. पण सोमवारी दुकान उघडलं तर पायरीवर माणसं, आणि त्यांच्या हातात पेपरातलं कात्रण! "हे पहिल्या नंबरचं द्या." एका गृहस्थांना मी विचारलं, घरी कोण घोरतं? ते म्हणाले, "कुणीच नाय. पण पहिलं आलंय ना? मग असू दे घरात." पुस्तकं खपली म्हणून पुढच्या रविवारी पुन्हा पहिला नंबर, आणि पहिला नंबर म्हणून पुन्हा खप. मामानं दर्शनी फळीवरच्या कादंबऱ्या मागे नेल्या आणि तिथे झोप, कूस, उशी आणि नाक या विषयांवरची जी मिळतील ती पुस्तकं मांडली.

मग एका दुपारी मला पुण्याहून फोन आला. माझे प्रकाशक होते.

"बाई, उशीर झाला, माफ करा. तुमचं ते घोरण्यावरचं पुस्तक आम्ही लगेच काढतोय."

"घोरण्यावरचं?"

"'जिवाला घोर' हो! नाव फर्मास आहे. तुमच्या जिल्ह्यात लाट आलीय ना, यादी बघतोय मी दर आठवड्याला."

"अहो, तो काळजीचा घोर आहे."

"असू द्या की. काळजीनंसुद्धा झोपेवर परिणाम होतोच. बरं, कथांमध्ये कुणी घोरतं का?"

मी आठवून सांगितलं, "चौथ्या कथेत सासरे दुपारी जरा पडतात."

"पडतात ना? मग घोरू द्या त्यांना. दोन ओळी वाढवा."

मी बाणेदार वगैरे नाही. मी दोन ओळींऐवजी पानभर वाढवलं. शीळ, खर्ज, मधली शांतता, सगळं घातलं. लिहिताना आजवर कधी आली नव्हती एवढी मजा आली.

पुस्तक आलं. मुखपृष्ठावर तोंड उघडं टाकून झोपलेला माणूस, आणि वर लाल पट्टी, 'घोरण्याला पहिला नंबर देणाऱ्या जिल्ह्यातून!' माझ्या बायका, त्यांची दुखणी, त्यांचं वाट बघणं, सगळं त्या माणसाच्या पोटाखाली दबून गेलेलं. पण पुस्तक खपलं. मामानं मात्र ते मुद्दाम दुसऱ्या नंबरवर ठेवलं. "भाचीला वर चढवली असं लोकांनी म्हणायला नको," असं त्यानं मला फार कडक चेहऱ्यानं सांगितलं. वाचकांचे फोनही येऊ लागले. गुहागरच्या एका गृहस्थांनी विचारलं, "तीन गोष्टी झाल्या वाचून. उपाय कितव्या पानावर आहे?"

काही महिन्यांनी ते सदर बंद झालं. त्या जागेवर फरशांची जाहिरात येऊ लागली. मामा पुढचे काही गुरुवार इस्त्रीचा शर्ट घालून आला, मग सोडून दिलं त्यानं.

अलीकडेच राजापूरच्या एका वाचनालयानं मला बोलावलं होतं. एस.टी.तून उतरले तेव्हा पाय धरले होते. सभागृहात बऱ्याच बायका नवऱ्यांना सोबत घेऊन आल्या होत्या, आणि नवऱ्यांचे चेहरे दवाखान्यात आणल्यासारखे झाले होते. मी एक कथा वाचून दाखवली, दोन बहिणींची. कार्यक्रम संपल्यावर एक बाई पुढे आल्या. हातात माझं पुस्तक, कोपरे दुमडलेले.

"बाई, खरं सांगू? यांचं घोरणं आहे तिथेच आहे," त्या म्हणाल्या.

"हो, ते... माफ करा."

"नाही हो. त्या बहिणींची गोष्ट वाचली आणि मी माझ्या धाकटीला फोन लावला. वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं आमचं."

"मग? काय म्हणाल्या त्या?"

"काय म्हणणार! एवढे दिवस कुठे मेली होतीस म्हणून कडाडून भांडली. आता रोज सकाळी फोन करते आणि भांडते."

आणि त्यांनी सही घ्यायला पुस्तक माझ्यापुढे उघडून धरलं.